सायोचं पान

१

किनुएच्या घरात माणसं दोन आणि पानं तीन.

सकाळी पलीकडच्या बेटावर जाणाऱ्या पहिल्या बोटीचा भोंगा झाला की ती भाताचं झाकण काढायची. एक वाडगा नवऱ्याचा, एक स्वतःचा, आणि त्या दोन्हींच्या आधी, पहिल्या वाफेचा भात सायोचा. लहानसा वाडगा, त्याला झाकण. सोबत मिसोचं कढण, मुळ्याचं लोणचं, घरात असेल तर सुक्या मासळीचा तुकडा. हे सगळं बुटक्या पाटावर नीट मांडून ती मधल्या खोलीत नेऊन ठेवायची आणि कागदी दार सरकवून बाहेर यायची. सेइगो, तिचा नवरा, यावर कधी बोलला नाही. तो आपला भात खायचा आणि चित्रं काढायच्या खोलीत निघून जायचा.

घरचं माणूस लांबच्या वाटेला गेलं तर मागच्यांनी त्याचं पान मांडायचं, म्हणजे ते वाटेत उपाशी राहत नाही, ही गोष्ट ओनोमिचि बंदरातल्या पोरासोरांनाही ठाऊक. लढाईत तर गल्लीतल्या प्रत्येक घरी असं एक पान होतं. जरा वेळानं बायका झाकण उचलून बघायच्या. आतून घाम धरला असेल तर माणूस जिवंत आहे, बरं आहे. गरम भातावर झाकण घातलं की घाम धरणारच, हे न कळण्याइतक्या त्या खुळ्या नव्हत्या. तरी बघायच्या. पुढं लढाई संपली. कुणाचे मुलगे परत आले, कुणाचे फोटो देव्हाऱ्यात गेले, आणि घरोघरची पानं थांबली. फक्त किनुएचं सुरू राहिलं.

कारण तिची सायो लढाई संपल्यावर गेली. सहा वर्षांची पोर. शेजारणीबरोबर बोटीनं आजीकडं निघाली होती. शरद ऋतू होता, समुद्रावर दाट धुकं होतं, आणि पाण्यात सुरुंग तसेच पडलेले होते. आवाज वरच्या देवळापर्यंत ऐकू आला म्हणे. काही माणसं सापडली. सायो सापडली नाही. किनुएनं सगळ्यांना निक्षून सांगितलं, की माझी मुलगी प्रवासाला गेलीय. कुणाची छाती झाली नाही पुढं काही म्हणायची. त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली.

त्या सकाळी तिला उशीर झाला. चैत्रातलं धुकं घरात शिरलं होतं आणि तिला गोड झोप लागली होती. जाग आली तेव्हा चूल थंड आणि भोंगा होऊन गेलेला. तिनं घाईनं लाकडी भांड्यातला रात्रीचा भात काढला, अगदी दगड झालेला, आणि सायोच्या वाडग्यात भरला. "आज शिळंच हं, बाळा. रागवू नकोस," असं म्हणून झाकण ठेवलं.

नंतर सवयीनं तिनं ते झाकण उचललं. आतून थेंब धरले होते. एक थेंब तर घरंगळून तिच्या मनगटावर आला. तिनं भाताला बोट लावलं. भात गारच होता. झाकण मात्र आतून कोमट होतं.

"धुकं," किनुए स्वतःशी म्हणाली. "ओल धरलीय घरात. दुसरं काय असणार?" तिनं झाकण पदराला पुसतात तसं एप्रनला पुसलं. पण दिवसभर तिला आतून गुदगुल्या झाल्यासारखं होत राहिलं, आणि दुपारी भांडी घासताना ती चक्क गुणगुणत होती.

२

सेइगो हानावा हे नाव आज तोक्योत घेतलं की जाणती माणसं जरा आवाज उतरवून बोलतात. झाड नाही, डोंगर नाही, बाई नाही, असं नुसत्या आकारांचं चित्र काढायचं देशात कुणी मनातही आणत नव्हतं, तेव्हा ह्या गड्यानं ते काढलं. पण मूळचा तो चटईवाल्याचा पोरगा. ओनोमिचित चढावर बापाचं दुकान होतं. तातामीच्या जाड चटया तिथं शिवल्या जायच्या, आणि हातभर लांब सुईनं चटईला काळा कापडी काठ लावायचं काम सेइगो लहानपणापासून करायचा. एकोणिसाव्या वर्षी ती सुई धाकट्या भावाच्या, तोकुझोच्या, हातात देऊन तो तोक्योला पळाला.

पहिल्या प्रदर्शनात त्याचं हसंच झालं. पांढरट-हिरवट लांबट चौकोन आणि त्यांच्या कडेनं काळ्या पट्ट्या, एवढंच. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ चित्रापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "बाळ, चित्र कधी लावणार?"

"हेच चित्र आहे, आजोबा."

"छे छे. ही मागची बाजू दिसतेय."

सगळा हॉल हसला. दारात तिकिटं फाडणारी एक मुलगी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "मला या चित्रात जाऊन बसावंसं वाटतं." ती किनुए. सेइगोनं त्याच वर्षी तिच्याशी लग्न केलं.

मग लढाई आली. पोलिसांनी त्याला बोलावून विचारलं, हा नकाशा कुठल्या बंदराचा? तो म्हणाला, कुठल्याच नाही. तेव्हा त्यांचा संशय पक्का झाला आणि त्याला काही दिवस आत ठेवलं. पुढं रंग मिळायचे ते सैनिक आणि जहाजं काढणाऱ्यांनाच. सेइगोनं ब्रश गुंडाळून ठेवले, बायको-मुलीला घेऊन गावी आला आणि पुन्हा काठ शिवायला बसला. सायो गेल्यावर मात्र त्यानं ब्रश असा उचलला की खालीच ठेवला नाही. पंधरा वर्षांत शेकड्यांनी चित्रं. परदेशातून माणसं यायची, चढ चढून धापा टाकत, आणि जमिनीवर पसरलेल्या त्या चौकोनांभोवती मोजे घातलेल्या पायांनी चवड्यांवर फिरायची.

"दादाचं बरंय," तोकुझो म्हणायचा. "मी शिवतो त्या चटयांवर लोक लोळतात. हा काढतो त्यांच्यापुढं लोक वाकतात. चटई एकच, वहिनी! नशीब बघा कसं असतं."

"मग तुम्हीही काढा की, भावजी."

"मी काढीन हो, पण मला मेल्याला कोण विचारतंय!"

एक गोष्ट मात्र कुणी कधी बोलून दाखवली नव्हती. सेइगोच्या एकाही चित्रात चार चौकोनांचे चार कोपरे एका ठिकाणी भेटत नसत. एक आडवा की दुसरा उभा, कुठंतरी अडणारच. टीकाकारांनी त्यावर लेख पाडले. खरं तर ओनोमिचितल्या कुठल्याही बाईनं त्याचं कारण सांगितलं असतं. घरात चटया अशाच घालतात. चार कोपरे जुळवून, मधे फुली पडेल अशा चटया घालायच्या त्या एकाच दिवशी, घरातून मेलेलं माणूस न्यायचं असतं तेव्हा.

३

तोक्योत सेइगोच्या जन्मभराच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं. त्यासाठी त्यानं सगळ्यात मोठं चित्र हाती घेतलं होतं. कापड इतकं मोठं की चित्रांच्या खोलीची निम्मी जमीन त्यानं व्यापली. सेइगो त्यावर फळी टाकून, ओणवा बसून काम करायचा. काळा रंग मात्र त्याला बाटलीतला चालत नसे. दगडावर पाणी घेऊन किनुएनं कांडी उगाळून केलेली शाई लागायची. लग्नापासून ते तिचं काम होतं.

त्या दिवशी ती शाई घेऊन आत आली आणि सहज खाली बघितलं. तीन चौकोन पुरे झाले होते. चौथ्याची शिसपेन्सिलीची रेघ तिघांच्या कोपऱ्याकडं सरळ निघाली होती.

"अहो, हे काय?"

सेइगो मान वर न करता म्हणाला, "दिसतंय ते."

"चुकलंय तुमचं. इथं आडवा पाहिजे."

"नाही चुकलं."

"कुणासाठी काढताय हे?"

"किनू, बस जरा इथं."

"मी उभीच बरी आहे. कुणासाठी?"

"सायोचं करायचं राहून गेलंय," सेइगो म्हणाला. "घरातल्या चटया तू हलवू दिल्या नाहीस. मग मी इथं घालतोय."

आता किनुए काही भांडकुदळ बाई नव्हती. पण ती अशी कडाडली की अंगणातलं मांजर उडी मारून भिंतीवर गेलं. "जिभेला हाड आहे का तुमच्या? बाप आहात की कोण आहात? माझी पोर जिवंत आहे. परवा गार भातावरच्या झाकणाला घाम आला होता, ठाऊक आहे? गार भातावर! ती आलीय जवळ. इथंच आहे कुठंतरी."

सेइगोनं ब्रश ठेवला. त्याचा चेहरा एकाएकी फार म्हातारा दिसायला लागला.

"आहे कुणीतरी," तो म्हणाला. "बऱ्याच वर्षांपासून आहे. पण ती नाही, किनू. तू रोज पान मांडतेस, दार लोटतेस, आणि ते येऊन बसतं. मी पाहिलंय."

"पाहिलंत? कशी दिसते?"

"सांगता येत नाही."

"एवढे मोठे चित्रकार ना तुम्ही? काढून दाखवा मग!"

"पंधरा वर्षं तेच करतोय," सेइगो म्हणाला. "जमलं नाही. आता निदान त्याला वाट तरी करून देतो. आपल्या घरात काठ काठाला अडतो, वळतो, पुन्हा आत येतो. बाहेर जायला जागाच नाही. चार कोपरे जुळले की चारी बाजूंना सरळ रस्ता. आमचे वडील असं म्हणायचे. खरं-खोटं मला ठाऊक नाही. पण ते जाईल, आणि सायोही सुटेल."

"सुटेल म्हणजे मरेल, असंच ना?" किनुए म्हणाली. तिनं शाईचा दगड तिथंच ठेवला आणि खोलीबाहेर गेली. स्वयंपाकघरात येऊन ती खूप रडली. नवऱ्याचा तिला इतका राग कधीच आला नव्हता.

४

दुसऱ्या दिवसापासून ती पान मांडल्यावर दाराबाहेर बसून राहू लागली. मांडीवर शिवण घ्यायची, म्हणजे आपण काही वाट बघत नाही असं स्वतःलाच सांगता येतं.

कागदी दारातून दुधासारखा उजेड यायचा. खालून बोटींचे भोंगे, वरून देवळाची घंटा, सगळं धुक्यात मऊ होऊन पोहोचायचं. बसल्या बसल्या तिला डुलकी लागायची, आणि त्या डुलकीत आतून पावलं ऐकू यायची. अगदी हलकी. थप, थप, थप. जाग आली की ती थांबायची. लाकूड वाजतं, किनुए म्हणायची. ओलीनं फुगतं आणि वाजतं. उंदीर असेल. एकदा तर तिनं मुद्दाम दार उघडून उंदराच्या लेंड्या शोधल्या. सापडल्या नाहीत, तेव्हा तिला आनंद झाला आणि त्या आनंदाची तिला भीतीही वाटली.

त्याच सुमारास तोकुझो चटयांची वरची आवरणं बदलायला आला. मधल्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर तो गुडघ्यांवर बसला आणि चटईवरून हात फिरवू लागला.

"वहिनी, या खोलीत कोण राहतं?"

"कुणी नाही. पान असतं सायोचं. तुम्हाला माहीत आहे की."

"ते माहीत आहे. पण हे बघा. वरचं गवत कसं आहे? मागच्या वेळी मी घातलं तसंच. पायच लागलेला नाही. आणि काठ बघा." त्यानं बोटानं दाखवलं. काळं कापड झिजून राखाडी झालं होतं, काही ठिकाणी दोरे निघाले होते. "सगळीकडचे काठ झिजलेत, नुसते काठ. मांजर पाळलंय का दोरीवर चालणारं?"

तो हसला. किनुएही हसली, पण ते हसू चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं.

काठावर पाय देऊ नये, हे तिनं स्वतः सायोला शिकवलं होतं. घरच्या काठावर पाय देणं म्हणजे आईबापाच्या डोक्यावर पाय देणं. पोरीनं त्याचा खेळच करून टाकला होता. एका चटईवरून दुसऱ्या चटईवर टुणकन उडी. काठाला चुकून अंगठा लागला तर स्वतःच कान धरायची. चालायला लागल्यापासून ती या जगातल्या कुठल्याही काठावर उभी राहिली नव्हती.

"केरसुणीनं झिजले असतील," किनुए म्हणाली. "मी जोर लावून झाडते."

"केरसुणी काठावरनंच चालते होय तुमची? बरंय बुवा. नवे लावून देतो."

"नको," ती एकदम म्हणाली. "राहू द्या, भावजी. आहेत तेच राहू द्या."

तोकुझोनं तिच्याकडं बघितलं. मग त्यानं आपली लांब सुई पिशवीत घातली आणि काही थट्टा न करता चहा पिऊन गेला.

५

किनुएनं शाई उगाळायचं बंद केलं. सकाळी दगड कोरडा राहू लागला.

सेइगोनं दोन दिवस वाट पाहिली. मग तो स्वतः उगाळायला बसला. त्याच्या हातांना संधिवात होता, आणि शाई उगाळणं म्हणजे काही क्षणांचं काम नाही, अर्धी सकाळ जाते. दाराआडून तिला तो खर-खर आवाज ऐकू यायचा. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. उठून जावं, त्याच्या हातातली कांडी घ्यावी, असं तिला शंभरदा वाटलं. पण मधल्या खोलीत तिचा कान लागलेला असायचा. एका सकाळी तर पावलं पानाशी थांबली नव्हती. दारापर्यंत आली होती. कागदाच्या पलीकडं, तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, कुणीतरी श्वास घेत होतं. कागद आत-बाहेर होत होता, किंचित.

"सायो?" तिनं विचारलं.

श्वास थांबला. आणि चित्रांच्या खोलीतला खर-खर आवाजही थांबला. मग काहीतरी जड पडलं.

सेइगो फळीवरून कलंडून खाली पडला होता, शाईत हात माखलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. चित्र जवळजवळ पुरं झालं होतं. तीन कोपरे जुळले होते. चौथ्या चौकोनाच्या एका बाजूचा काळा काठ तेवढा भरायचा राहिला होता.

६

डॉक्टर येऊन गेले. उजवी बाजू गेली म्हणाले, वाचाही येईल न येईल. हलवू नका. म्हणून त्याचं अंथरूण चित्राशेजारीच घातलं. डाव्या डोळ्यानं तो त्या राहिलेल्या रेघेकडं बघत पडून असायचा.

किनुएनं त्याची सेवा केली, हे कुणालाही नाकारता येणार नाही. पेज भरवली, अंग पुसलं, कूस बदलली. तिच्या जिवाला टोचणी लागली होती आणि ती बोलूनही दाखवायची. "मी उगाळून द्यायला हवी होती हो. माझंच चुकलं." तो डाव्या हातानं तिची बाही धरायचा आणि डोळ्यांनी चित्र दाखवायचा.

एकदा त्याची चादर बदलताना तिचं लक्ष खाली गेलं. अंथरुणाभोवतीच्या चटयांचे काठ. ते गेल्याच वर्षी बदललेले, कोळशासारखे काळे. आता ते राखाडी पडू लागले होते. मधल्या खोलीच्या दारापासून सुरू होऊन ती राखाडी वाट अंथरुणाला वळसा घालून त्याच्या उशीपाशी आली होती.

सेइगोनं तिच्याकडं बघितलं. तो घाबरला होता. इतक्या वर्षांच्या संसारात, पोलिसांनी नेलं तेव्हासुद्धा, तिनं त्याला असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

तोकुझो रोज येऊन बसायचा. त्यानं भावाची नजर ओळखली. "दादा, एवढी एक रेघच ना? मी ओढतो. जन्मभर काठच लावत आलोय, सरळ येईल."

सेइगोनं मान हलवली. नाही. डावा हात उचलून त्यानं किनुएकडं बोट केलं. मग महत्प्रयासानं, एकेक अक्षर ओढत, म्हणाला, "पान... हिचं."

"म्हणजे काय हो वहिनी?"

"म्हणजे मी मांडते, तर मीच उचलायचं," किनुए म्हणाली. तिला सगळं समजलं होतं. आपण रेघ ओढली नाही, तर नवरा राहणार नाही. ओढली, तर सायो गेली, आणि ती गेली हे आपल्याच तोंडानं म्हटल्यासारखं होईल. तिसरं काही नव्हतं.

तोकुझो चटईवरून पुढं सरकला. "वहिनी, तुम्हाला न रुचेल, पण बोलतो. सायोला मीही खांद्यावर घेऊन हिंडलोय. पण दादा जिवंत आहे. जो आहे त्याचं बघा." मग तो औषध आणायला खाली बाजारात गेला. धुक्यात चार पायऱ्या उतरला आणि दिसेनासा झाला.

७

किनुएनं पाणी घेतलं आणि शाई उगाळायला बसली.

घाई केली नाही. कांडी गोल गोल फिरत राहिली, शाईचा तो ओला गोड वास खोलीत भरला. बाहेर समुद्र नव्हता, गाव नव्हतं, नुसता पांढरेपणा दारांना टेकून उभा होता. तिला वाटलं, आपण त्या पहिल्या प्रदर्शनातल्या चित्रात येऊन बसलो आहोत आणि आता उठायचं कसं ते ठाऊक नाही. सेइगो शांत पडून होता. त्याच्या डोळ्यातून पाणी वाहून उशीवर उतरत होतं, पण चेहरा मोकळा दिसत होता.

शाई दाट झाली. तिनं ब्रश बुडवला आणि फळीवर ओणवी झाली.

थप.

मधल्या खोलीत. थप, थप. आज डुलकी नव्हती. ती पूर्ण जागी होती.

ब्रश हातात तसाच धरून ती दाराशी गेली आणि बोटभर फट केली. आत पाट, आज अजून रिकामा. पलीकडचा कोपरा उजेडात विरघळलेला. आणि फटीच्या अगदी खाली, जवळ, एक पाय. उघडा. लहान मुलाच्या पायाएवढा लांब. तो काठावर ठेवलेला होता, लांबीत, टाच ते अंगठा. काठ दोन बोटं रुंद असतो. पायही तेवढाच रुंद होता.

मागून दुसरा आला आणि पहिल्याच्या पुढं काठावर बसला. घोट्याच्या वर काय होतं ते दाराआड होतं. किनुएनं फट मोठी केली नाही.

ही सायो नव्हती. तिला आतून ते कळलं. ही कधीच सायो नव्हती. पंधरा वर्षं पहिल्या वाफेचा भात ती कुणाला घालत होती, देव जाणे. ती मागं सरली, फळीवर येऊन बसली आणि तिनं ब्रश कापडाला टेकवला. काळा थेंब रेघेच्या तोंडाशी उतरला. सेइगोनं मोठा श्वास सोडला.

"आई," दारामागून आवाज आला.

तो आवाज सायोचा होता. जरासा घोगरा, शेवटी उंचावणारा, सकाळी अंथरुणातून हाक मारायची तस्सा. इतक्या वर्षांत किनुए तो आवाज विसरून गेली होती. चेहरा आठवायचा, हात आठवायचे, पण आवाज कितीही ओढला तरी यायचा नाही, आणि यासाठी ती किती रडली होती हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"आई, भूक लागली."

ब्रश तिथंच थांबला. सेइगोनं डाव्या हातानं तिची बाही पकडली. मुठीत होती नव्हती ती सगळी ताकद लावून पकडली. तो काहीतरी म्हणत होता, पण शब्द तोंडातच मोडत होते.

किनुएनं त्याच्याकडं बघितलं. हा माणूस तिला आवडला होता, लोक हसत असताना आवडला होता. आजही आवडत होता. तिनं त्याचं एकेक बोट सोडवलं, प्रेमानं, पोराच्या मुठीतून खडा काढावा तसं. मग ब्रश पाण्यात घालून स्वच्छ धुतला.

"माफ करा हो," ती म्हणाली. "कोण का असेना. मला आई म्हणतंय."

स्वयंपाकघरात भात नुकताच शिजला होता. तिनं झाकण काढलं, पहिली वाफ तोंडावर घेतली आणि लहान वाडगा काठोकाठ भरला. मधल्या खोलीत येऊन पाटाशी गुडघे टेकून बसली. "ये गं. बस. गरम आहे, थांब, फुंकर घालते."

पाटापाशी कुणी नव्हतं. पावलं तिच्या पाठीमागून गेली, सावकाश, काठाकाठानं, आणि चित्रांच्या खोलीचं दार सरकलं. सेइगोचा आवाज आला. शब्द नव्हता तो.

किनुएनं मागं वळून पाहिलं नाही. ती भातावर फुंकर घालत राहिली. आवाज तिनं गोडच ठेवला.

"आधी बाबांना भेटायचंय का? बरं, भेटून ये. फार त्रास देऊ नकोस हं त्यांना."